कोर्टाने सोडले, तरी संघात का नाही?

१५ मे २०१३ च्या रात्री मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर अंकित चव्हाण राजस्थान रॉयल्सकडून मुंबई इंडियन्सविरुद्ध खेळला. डावखुरा फिरकी गोलंदाज, मुंबईचा रणजीपटू, वय २७. सामना संपून काही तास होतात न होतात तोच दिल्ली पोलिसांनी त्याला स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपाखाली अटक केली. श्रीशांत आणि अजित चंडिला हे त्याचे दोन सहकारीही पकडले गेले. दोन वर्षांनी, २५ जुलै २०१५ रोजी, दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयाने या तिघांसह ३६ आरोपींना आरोपमुक्त केले. इथपर्यंतची हकीकत बहुतेकांना आठवते. मात्र पुन्हा खेळायला हरकत नाही असे सांगणारे पत्र अंकितच्या हातात पडले ते जून २०२१ मध्ये. तोवर त्याने पस्तिशी गाठली होती.

आता फुटबॉलकडे वळू. मँचेस्टर सिटीचा फ्रेंच बचावपटू बेंजामिन मेंडी याच्यावर लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप होते. १४ जुलै २०२३ रोजी इंग्लंडमधल्या ज्युरीने त्याला उरलेल्या आरोपांतूनही निर्दोष ठरवले आणि पाचच दिवसांत फ्रान्सच्या लोरियाँ क्लबने त्याच्याशी करार केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मँचेस्टर युनायटेडचा मेसन ग्रीनवुड याच्यावरचे स्त्री-अत्याचाराचे आरोप सरकारी पक्षाने मागे घेतले होते. तो तेव्हा २१ वर्षांचा होता. त्याच्या स्वतःच्या क्लबने मात्र त्याला पुन्हा कधीच मैदानात उतरवले नाही. सप्टेंबरमध्ये स्पेनच्या खेताफे क्लबने त्याला उसना घेतला आणि पुढच्या वर्षी तो मार्सेलचा झाला.

तिघांनाही कायद्याच्या चौकटीत शिक्षा झालेली नाही. मग एकाला सहा वर्षे, दुसऱ्याला पाच दिवस आणि तिसऱ्याला आपल्याच घरचे दार बंद, असे का? सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोलीच्या मराठी वस्त्यांत खेळाची आवड असलेली शेकडो पोरे आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या नावावर भांडणाचा नाहीतर दारूबंदीचा गुन्हा लागला की आईबाप हाच प्रश्न विचारतात: कोर्टाने सोडले, आता तरी पोराला घेतील ना? या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही असे उत्तर नाही. ते समजून घ्यायचे तर आधी ‘सोडले’ म्हणजे काय झाले ते पाहावे लागते.

खटला कोणत्या पायरीवर थांबला?

फौजदारी प्रकरण पायऱ्यापायऱ्यांनी पुढे जाते. आधी पोलिसांत गुन्हा नोंदतात, मग तपास, मग आरोपपत्र, मग न्यायालय आरोप निश्चित करते, साक्षीपुरावे होतात आणि शेवटी निकाल. यांतल्या कोणत्याही पायरीवर प्रकरण थांबू शकते. बाहेरच्या माणसाला सगळे सारखेच वाटते, ‘सुटला’. आतून मात्र प्रत्येक थांबण्याचा अर्थ निराळा असतो.

पहिली पायरी पोलीस ठाण्याची. गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही जुन्या मुंबई राज्यातले, त्यामुळे तपास बंद करण्याची एक पद्धत दोन्हीकडे सारखी आहे. तिला ‘समरी’ म्हणतात. ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा घडला असावा, पण आरोपी सापडला नाही किंवा कुणाविरुद्ध पुरावा मिळाला नाही. ‘बी समरी’ म्हणजे तक्रारच खोटी आणि आकसाने केलेली. ‘सी समरी’ म्हणजे तक्रार गैरसमजातून झालेली, किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. पोलिसांनी अहवाल दिला तरी तो मान्य करायचा की नाही हे दंडाधिकारी ठरवतात. या तीन अक्षरांत केवढा फरक आहे पाहा. बी समरी मिळालेल्या मुलाबद्दल व्यवस्थेने स्वच्छ सांगितलेले असते की त्याच्यावर आळ घेतला गेला. ए समरी त्याच्याबद्दल तसे काहीच सांगत नाही.

दुसरी वाट उच्च न्यायालयातून जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२) उच्च न्यायालय गुन्हाच रद्द करू शकते. शेजाऱ्यांची हाणामारी, भाऊबंदकी, पैशांची देवघेव अशी किती तरी प्रकरणे दोन्ही पक्षांच्या समझोत्याने इथे मिटतात. तसे झाले तर कोण खरे, कोण खोटे हे कुणी तपासलेलेच नसते. आणि गुन्हा रद्द होण्याचे कारण कधी कधी एवढेच असते की तक्रारीत लिहिलेले सगळे खरे धरले तरी कायद्याने तो गुन्हाच ठरत नाही.

तिसरी पायरी आरोपमुक्तीची, आणि अंकित चव्हाणचे प्रकरण तिथेच थांबले. या टप्प्यावर एकही साक्षीदार पिंजऱ्यात आलेला नसतो. न्यायाधीशांसमोर असतात फक्त पोलिसांनी जोडलेली कागदपत्रे: जबाब, फोनवरच्या संभाषणांचे उतारे, पंचनामे. ते वाचून एवढेच ठरवायचे असते की खटला चालवण्याजोगा प्रथमदर्शनी पुरावा यांत आहे का. नसेल तर आरोपी मुक्त.

चौथी पायरी पूर्ण खटल्यानंतरची निर्दोष मुक्तता. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या आणि गुन्हा शाबीत झाला नाही. निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. आरोपमुक्ती म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे, असे मात्र कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. नवा पुरावा आला तर आरोपमुक्त माणसाला पुन्हा न्यायालयात उभे करता येते.

यावरून कुणी म्हणेल की आरोपमुक्ती हलकी आणि निर्दोष मुक्तता भारी. मला हे पटत नाही. खटला सुरू करायला पुरावा फार लागत नाही, बळकट संशय पुरतो. सरकारला जर तेवढाही गोळा करता आला नसेल, तर त्या माणसाच्या बाजूने ती मोठीच गोष्ट आहे. फक्त एक खरे की त्याची बाजू साक्षीपुराव्यांनी तपासून निघालेली नसते. संशय घेणाऱ्याला जागा उरते ती इथे.

२०१३ चा खटला का टिकला नाही?

पोलिसांची हकीकत अशी होती. एका षटकात ठरलेल्या धावा द्यायच्या आणि षटकाआधी ठरलेली खूण करायची, म्हणजे बाहेर सट्टा लावणाऱ्यांना कळेल. श्रीशांतची खूण म्हणजे कमरेला खोचलेला छोटा टॉवेल. ९ मे रोजी मोहालीत किंग्ज इलेव्हन पंजाबविरुद्धच्या त्या षटकात १४ किंवा अधिक धावा द्यायच्या होत्या, असे पोलीस म्हणत होते. प्रत्यक्षात गेल्या १३. अंकितवरचा आरोप १५ मेच्या वानखेडेवरच्या षटकाचा होता.

पोलिसांनी या प्रकरणाला मोक्का लावला. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा हा कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्ये केला आणि २००२ मध्ये तो दिल्लीलाही लागू झाला. सुरतकरांना त्याच्याच धर्तीवरचा ‘गुजसीटोक’ ऐकून माहीत असेल. मोक्का लावायचा तर टोळी दाखवावी लागते. तिच्याविरुद्ध आधीच्या दहा वर्षांत गंभीर गुन्ह्यांची एकापेक्षा जास्त आरोपपत्रे दाखवावी लागतात, आणि आरोपी त्या टोळीसाठी काम करत होता हा धागाही जोडावा लागतो. पोलिसांनी हा धागा थेट दाऊद इब्राहिम आणि छोटा शकीलपर्यंत नेला होता. खेळाडू आणि ती टोळी यांच्यातला संबंध न्यायालयाला प्रथमदर्शनीही दिसला नाही. दिल्ली पोलिसांनी या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली.

खरी अडचण मात्र त्याहून खोल आहे. पैसे घेऊन वाईट गोलंदाजी करणे हा स्वतंत्र गुन्हा असे सांगणारा कायदाच भारतात नव्हता. मग पोलीस फसवणुकीचे कलम लावतात. त्यासाठी कुणाला तरी फसवून त्याच्याकडून पैसा किंवा मालमत्ता काढून घेतल्याचे दाखवावे लागते. सामना पाहायला आलेल्या प्रेक्षकाने तिकीट काढले ते आपल्या मर्जीने. मग फसवले कुणाला?

कर्नाटकातही नेमके हेच घडले. २०१९ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या फिक्सिंगच्या आरोपांवरून पोलिसांनी धरपकड केली. बेळगावच्या संघाचा मालक त्यात होता. यष्टिरक्षक सी. एम. गौतमही होता, त्या मोसमात तो गोव्याकडून खेळायला आला होता. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटले की मॅच-फिक्सिंग ही बेइमानी असेल, शिस्तभंगही असेल, पण ती फसवणुकीच्या कलमात बसत नाही. कारवाई करायची तर ती क्रिकेट बोर्डाने करावी. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, विधी आयोगाने आपल्या २७६ व्या अहवालात मॅच-फिक्सिंगला स्पष्टपणे फौजदारी गुन्हा ठरवण्याची शिफारस केली होती.

म्हणजे एखादा खेळाडू ‘सुटला’ असे आपण म्हणतो तेव्हा दोन निराळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात. त्याने काही केलेच नसेल, किंवा केले असले तरी त्यासाठी कायद्यात खण नसेल. बाहेरून या दोन्हींतला फरक दिसत नाही. आदेश वाचल्याशिवाय तो कळतही नाही.

महिधरपुऱ्यातली जांगड

हा गुंता सुरतच्या हिरेबाजारातून सहज सुटतो. महिधरपुऱ्यात किंवा वराछाच्या मिनी बाजारात दुपारी गेलात तर रस्त्यावर उभ्या स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उघडून हिरे पाहणारी माणसे दिसतील. दलाल शेठकडून माल घेतो तो विकत नाही, जांगडवर. एका छोट्या चिठ्ठीवर तारीख, कॅरेट, नग, भाव आणि सही. माल शेठचाच राहतो. दलालाने तो दाखवायचा, गिऱ्हाईक मिळाले तर सौदा, नाहीतर पुडी परत. लाखोंचा माल एका सहीवर हातातून हातात जातो.

समजा, एका तरुण दलालावर पुडी गायब केल्याचा आरोप झाला. पोलीस केस झाली आणि दोन वर्षांनी अठवालाइन्सच्या कोर्टाने पुराव्याअभावी त्याला सोडले. आता त्याच्यापुढे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्याला तुरुंगात टाकायचे का? हे कोर्टाने ठरवले: नाही. त्याने बाजाराचा रिवाज मोडला का? हे व्यापाऱ्यांची संघटना आपल्या नियमांनी ठरवेल. पुडी कोर्टात चोरी ठरली नाही, पण जांगडवर लिहिलेल्या मुदतीत ती परत केली नाही एवढे जरी दिसले, तरी रिवाज मोडला. तिसरा प्रश्न अमुक एका शेठचा: माझी पुडी मी याच्या हातात देऊ का? तो नाही म्हणाला तर त्याला कुणी सक्ती करू शकत नाही, आणि हो म्हणाला तर कुणी अडवू शकत नाही.

खेळातही याच तीन जागा आहेत: न्यायालय, खेळाची नियामक संस्था आणि संघ. गोंधळ होतो तो एका जागेचे उत्तर दुसऱ्या जागेच्या प्रश्नाला लावल्यामुळे.

बोर्डाचा तराजू निराळा का?

न्यायालय माणसाचे स्वातंत्र्य काढून घेऊ शकते. म्हणून तिथे पुरावा वाजवी संशयापलीकडे लागतो. शंका उरली की तिचा फायदा आरोपीला. शिस्तभंगाच्या चौकशीत एवढा कडक निकष नसतो. सरकारी कार्यालय असो की गिरणी, तिथे ‘असे घडले असण्याचीच शक्यता जास्त’ एवढे दिसले की पुरते. क्रिकेटचे भ्रष्टाचारविरोधी नियम यांच्या मधे कुठेतरी बसतात. आरोप जितका गंभीर, तितकी चौकशी करणाऱ्यांची खात्री अधिक पक्की हवी.

शिवाय बोर्डाच्या नियमांत कायद्याला माहीत नसलेले गुन्हे आहेत. कुणी फिक्सिंगसाठी विचारले आणि तुम्ही नकार दिलात, पण वरिष्ठांना कळवले नाहीत, तर तोही गुन्हा. २०१३ च्या प्रकरणातला सिद्धार्थ त्रिवेदी हा गुजरातकडून रणजी खेळणारा वेगवान गोलंदाज. पोलिसांच्या खटल्यात तो आरोपी नव्हता, उलट त्यांचा साक्षीदार होता. तरी बोर्डाने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली, कारण गोष्ट कानावर येऊनही त्याने ती कळवली नव्हती. बांगलादेशचा शकिब अल हसन २०१९ मध्ये याच कारणासाठी बाहेर बसला. याउलट मुंबईचा फिरकी गोलंदाज हरमीत सिंगविरुद्ध बोर्डाला पुरावा मिळाला नाही आणि त्याला मोकळे केले गेले. पुढे तो अमेरिकेत स्थायिक झाला आणि २०२४ च्या टी-२० विश्वचषकात अमेरिकेकडून खेळला.

१३ सप्टेंबर २०१३ रोजी, न्यायालयाचा निकाल लागण्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, बोर्डाच्या शिस्तपालन समितीने रवी सवानी यांच्या चौकशी अहवालावरून श्रीशांत आणि अंकित यांच्यावर आजन्म बंदी घातली. २०१५ मध्ये आरोपमुक्ती मिळाल्यावर दोघांना वाटले की बंदीही उठेल. बोर्ड म्हणाले, आमची चौकशी वेगळी.

श्रीशांत न्यायालयात गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी बंदी उठवली, ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती परत लावली. १५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर जो निकाल दिला तो खेळाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. न्यायमूर्ती अशोक भूषण आणि के. एम. जोसेफ यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. श्रीशांत दोषी असल्याचा बोर्डाचा निष्कर्ष त्यांनी कायम ठेवला, कारण शिस्तभंगाची चौकशी स्वतंत्र असते आणि फौजदारी आरोपमुक्तीने ती आपोआप पुसली जात नाही. मात्र आजन्म बंदीची शिक्षा रद्द केली. बोर्डाच्या नियमांतच पाच वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंतची मर्यादा आहे, आणि शिक्षा ठरवताना वय, पूर्वीचे वर्तन, झालेले नुकसान अशा बाजू तोलायला सांगितल्या आहेत. समितीने त्या तोललेल्या दिसत नव्हत्या. थेट सर्वांत मोठी शिक्षा दिली होती.

प्रकरण बोर्डाचे लोकपाल, निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांच्याकडे गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी श्रीशांतची बंदी सात वर्षांवर आणली. ती सप्टेंबर २०२० मध्ये संपली. अंकितची बंदीही पुढे सात वर्षांचीच करण्यात आली, म्हणजे तीही सप्टेंबर २०२० लाच संपलेली. पण ती संपली हे सांगणारे पत्र त्याला मिळाले जून २०२१ मध्ये. एखाद्याने सात वर्षे शिक्षा भोगली, त्यावर आणखी नऊ महिने कागदाची वाट पाहण्यात घालवले. गोलंदाजाच्या तिशीतले नऊ महिने म्हणजे एक अख्खा मोसम. बोर्डाला वेगळी चौकशी करायचा अधिकार आहे हे मला मान्य आहे. पण आरोपमुक्तीनंतर शिक्षेचा फेरविचार करायला कुठलीच मुदत नसावी, खेळाडूने स्वतः न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्याशिवाय कुणी फाइल उघडू नये, हा अन्याय आहे. श्रीशांत लढला म्हणून अंकितला वाट मिळाली. लढायला पैसा नसलेल्या पोराचे काय झाले असते, याचे उत्तर सोपे आहे: तो आजन्म बाहेरच राहिला असता.

चौकट : आदेश हातात आला की काय पाहावे?

• प्रकरण कुठे थांबले: तपासात, उच्च न्यायालयात, आरोपमुक्तीवर की पूर्ण खटल्यानंतर?
• कशामुळे थांबले: तक्रार खोटी होती, पुरावा नव्हता, समझोता झाला, की कायद्यात तो गुन्हाच बसत नव्हता?
• सरकारने किंवा तक्रारदाराने वर दाद मागितली आहे का?
• खेळाच्या संघटनेची वेगळी चौकशी चालू आहे का? बंदी असेल तर कोणत्या तारखेपर्यंत?
• घटनेच्या वेळी मुलाचे वय १८ पेक्षा कमी होते का?

संघ कसा विचार करतो?

बंदी उठली म्हणजे संघ दारात उभा राहतो असे नाही. श्रीशांतला केरळने लगेच घेतले आणि ११ जानेवारी २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत तो पुद्दुचेरीविरुद्ध खेळला. त्याच वर्षीच्या आयपीएल लिलावासाठी त्याने ७५ लाखांच्या पायाभूत किमतीला नाव नोंदवले. ते अंतिम यादीतही आले नाही. राज्याच्या संघाला आपला माणूस हवा होता, तर आयपीएलच्या संघांसमोर पस्तिशी ओलांडलेला, सात वर्षे बाहेर बसलेला गोलंदाज होता. इथे बदनामी किती आणि वय किती हे बाहेरून वेगळे करता येत नाही.

फुटबॉलमध्ये क्लब आणि खेळाडू यांचे नाते कराराने बांधलेले असते आणि कज्जा सुरू झाला की कराराची प्रत्येक ओळ तपासली जाते. मेंडीवर आरोप ठेवले गेल्यावर मँचेस्टर सिटीने सप्टेंबर २०२१ पासून त्याचे वेतन थांबवले होते. निर्दोष सुटल्यावर तो कामगार न्यायाधिकरणात गेला. २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने म्हटले की कोठडीतला काही काळ सोडला तर तो खेळायला तयार होता, त्याला अडवले ते इतरांनी. म्हणून थकलेल्या वेतनातला मोठा भाग त्याला मिळायला हवा. आरोप आहे एवढ्यावर पगार बंद करता येत नाही, तसे करारात स्पष्ट लिहिलेले असावे लागते. आपल्याकडे तालुका-जिल्हा पातळीवर खेळाडूशी होणारे बहुतेक व्यवहार तोंडी असतात. तिथे पोराला काढून टाकले तर दाद मागायला कागदच नसतो.

ग्रीनवुडच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड होता. सरकारी पक्षाने आरोप मागे घेताना दोन कारणे दिली: महत्त्वाच्या साक्षीदारांनी माघार घेतली आणि नवी माहिती समोर आली, त्यामुळे शिक्षा होण्याची वास्तव शक्यता उरली नाही. इथे न्यायालयाने काहीच ठरवले नव्हते. मँचेस्टर युनायटेडने स्वतः सहा महिने चौकशी केली. ज्या गुन्ह्यांचे आरोप होते ते त्याने केलेले नाहीत असा आपला निष्कर्ष क्लबने जाहीर केला, आणि तरीही दोन्ही बाजूंच्या संमतीने त्याने दुसरीकडे जावे असे ठरले. चाहते, क्लबचा महिला संघ, प्रायोजक सगळेच बोलू लागले होते. मार्सेलने त्याला घेतले तेव्हा त्या शहराच्या महापौरांनी उघड विरोध केला. पहिल्याच मोसमात त्याने फ्रेंच लीगमध्ये २१ गोल केले.

त्या गोलांनी त्याच्याबद्दलचा प्रश्न सुटला असे मी मानत नाही. चांगला खेळणारा माणूस चांगला असतोच असे नाही, आणि तक्रार करणाऱ्या स्त्रीने साक्षीला न येण्याची कारणे अनेक असू शकतात. पण त्याच न्यायाने, ज्याच्याविरुद्ध काहीही शाबीत झाले नाही त्याला जन्मभर बेकार ठेवणे हेही योग्य नाही. युनायटेडच्या वागण्यातली एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते: क्लबने स्वतः चौकशी केली आणि आपला निष्कर्ष कारणांसह उघडपणे सांगितला. निर्णय पटो न पटो, तो कशावरून घेतला हे लोकांना कळले.

वय अठराच्या आत असेल तर

सुरतेतल्या आईबापांना हा भाग सर्वांत जवळचा आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम २४ सांगते की १८ वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा झाल्याचे ठरले तरी त्यामुळे त्याला पुढे कुठलीही अपात्रता येत नाही. अपवाद फक्त १६ वर्षांवरील ज्या मुलांवर अत्यंत गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालतो त्यांचा. कलम ७४ त्याहून पुढे जाते: प्रकरण निकाली निघाले असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठीदेखील पोलिसांनी त्या मुलाची नोंद उघड करायची नाही. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराला निवड चाचणीत कुणी ‘तुझ्यावर केस होती ना?’ असे विचारून बाहेर बसवत असेल, तर तो कायद्याच्या हेतूविरुद्ध वागतो आहे.

अठरानंतर चित्र बदलते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सरकारी नोकरीबाबत जो नियम घालून दिला, तो खेळाच्या अर्जांनाही मार्गदर्शक ठरावा. फॉर्ममध्ये विचारलेली माहिती लपवली तर लपवणे हेच मोठे कारण बनते. माहिती खरी दिली तरी नोकरी मिळेलच असे नाही, पण देणाऱ्याने त्या प्रकरणाचे स्वरूप, त्याचा निकाल आणि माणसाचे वय पाहून विचार करायला हवा.

सुरतेच्या संघांना

२०२४ मध्ये गुजरात सुपर लीग सुरू झाली आणि तिच्यात सुरत स्ट्रायकर्स हा आपल्या शहराच्या नावाचा फुटबॉल संघ उतरला. क्रिकेटचे क्लब तर गल्लोगल्ली आहेत. पोरे वाढतील, स्पर्धा वाढतील, आणि आज ना उद्या आरोपातून सुटलेला एखादा तरुण आपल्याही संघाच्या दारात येईल. ही वेळ येण्याआधीच चार ओळींचा नियम लिहून ठेवा: आम्ही आदेशाची प्रत वाचू, मुलाचे म्हणणे ऐकू, तक्रारदाराची बदनामी होऊ देणार नाही, आणि तीस दिवसांत लेखी कारणांसह हो किंवा नाही सांगू. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आणि आईबापांना एक विनंती. मुलगा सुटला की पेढे वाटण्याआधी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून आदेशाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. पोलिसांनी समरी दिली असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या मंजुरीचा कागदही मागून घ्या. वर्तमानपत्रातले कात्रण किंवा वकिलाचा तोंडी निरोप कुठलीच संघटना धरत नाही. तिला तारीख, कलम आणि सही असलेला कागद लागतो.